मदतीचे आवाहन वेबवर कसे करावे: साधी साधने आणि त्यांचा जबाबदार वापर

भूकंप होतो, युद्ध पेटते किंवा एखादी साथ पसरते, तेव्हा शेकडो मैल दूर असलेल्या माणसांनाही काहीतरी करावेसे वाटते. ही इच्छा खरी असते, पण तिला पहिल्या काही दिवसांत योग्य वाट मिळाली नाही तर ती विरून जाते, आणि चुकीची वाट मिळाली तर पैसा, वेळ व विश्वास हे तिन्ही वाया जातात. ही वाट तयार करण्यासाठी मोठे संकेतस्थळ किंवा महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. एक वेबपेज, एक फॉर्म, एक स्प्रेडशीट, गरजेनुसार एखादा नकाशा आणि ईमेलची एक यादी एवढ्यावर चार-पाच जणांचा गटही चांगले काम उभे करू शकतो. साधने निवडताना मात्र दोन माणसे सतत डोळ्यांसमोर ठेवावीत: देणारा, आणि ज्याच्यासाठी मागितले जात आहे तो. देणाऱ्याला आपली मदत कुठे गेली हे पडताळता आले पाहिजे आणि संकटातल्या माणसाला आपल्या प्रसिद्धीमुळे नवा धोका निर्माण होता कामा नये. या दोन कसोट्यांना न उतरणारे साधन कितीही सोयीचे असले तरी बाजूला ठेवावे, असे माझे ठाम मत आहे आणि पुढील सूचना याच कसोट्यांवर आधारलेल्या आहेत.

साधनाआधी मागणी

बहुतेक मोहिमा साधन निवडण्यापासून सुरू होतात आणि तिथेच चुकतात. प्रथम एका वाक्यात लिहून काढावे की, आपण कोणाकडून नेमके काय मागत आहोत: पैसे, स्वाक्षरी, वेळ की माहिती. एकाच पानावर चारही गोष्टी मागितल्या तर वाचक त्यांतली एकही न करता निघून जातो, म्हणून एका पानावर एकच मागणी ठेवावी. स्पष्ट मागणीत किती बळ असते याचे एक मोठे उदाहरण भूसुरुंगबंदीच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेचे आहे. १९९२ साली सहा संस्थांनी एकत्र येऊन ती सुरू केली. फॅक्स, दूरध्वनी आणि पुढे ईमेल एवढीच तिची संपर्कसाधने होती, पण व्यक्तिविरोधी भूसुरुंगांवर, म्हणजे माणसाच्या पावलाने फुटणाऱ्या सुरुंगांवर, संपूर्ण बंदी ही मागणी कोणालाही एका वाक्यात सांगता येत होती. १९९७ च्या डिसेंबरमध्ये ओटावा येथे करारावर स्वाक्षऱ्या झाल्या, त्याच वर्षीचे शांततेचे नोबेल पारितोषिक मोहिमेला व तिच्या समन्वयक जोडी विल्यम्स यांना मिळाले आणि १ मार्च १९९९ रोजी करार अमलात आला.

पैसे मागायचे असतील तर दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे: ते कोणाच्या खात्यात जाणार? आपला गट नोंदणीकृत नसेल, तर स्वतः पैसे गोळा करून पुढे पाठवण्यापेक्षा त्या भागात आधीपासून काम करणाऱ्या संस्थेच्या देणगीपानाकडे थेट लिंक द्यावी. यात आपल्याला आकडा मिरवता येत नाही, पण वैयक्तिक खात्यात सार्वजनिक पैसा जमा होण्याचे सगळे प्रश्न टळतात. लोकांकडून निधी जमवणे आणि तो देशाबाहेर पाठवणे यांवर बहुतेक देशांत कायद्याची बंधने असतात. ती न पाहता सुरू केलेली मोहीम मध्येच गोठली तर ज्यांच्यासाठी ती उभारली त्यांचाच तोटा होतो. वस्तूंचे आवाहन शक्यतो टाळावे. जुने कपडे, मुदत संपत आलेली औषधे आणि वर्गवारी न केलेली खोकी बंदरांत व गोदामांत अडकून पडतात, त्यांच्या हाताळणीत मदतकर्त्यांचा वेळ जातो आणि खरोखर तातडीच्या मालाची वाट अडते. रोख रकमेतून तीच गरज जवळच्या बाजारातून भागवता येते आणि तिथल्या विक्रेत्यांचा व्यवसायही पुन्हा उभा राहतो.

आकडे कुठून घ्यावेत

आवाहनातील प्रत्येक आकड्यापुढे त्याचा स्रोत आणि तारीख असावी. संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी समन्वय कार्यालयाचे रिलीफवेब हे संकेतस्थळ १९९६ पासून जगभरातील संकटांविषयीचे अहवाल, नकाशे व परिस्थितीपत्रके एकत्र करत आले आहे. त्याच कार्यालयाने २०१४ साली सुरू केलेल्या ह्युमॅनिटेरियन डेटा एक्स्चेंज या ठिकाणी स्थलांतरितांची संख्या, आरोग्यसेवेची ठिकाणे, अन्नधान्याच्या किमती अशी माहिती तक्त्यांच्या रूपात मिळते, तर फायनान्शियल ट्रॅकिंग सर्व्हिसवर एखाद्या संकटासाठी किती निधी मागितला गेला आणि त्यातला किती मिळाला हे दिसते. निधीची मागणी आणि प्रत्यक्ष मिळालेली रक्कम यांतील तफावत हाच पुष्कळदा आवाहनाचा सर्वांत सबळ मुद्दा असतो. आपत्तीच्या पहिल्या दिवसांत मृतांचे व बेघरांचे आकडे तासागणिक बदलतात, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी पानावरील आकडे तपासण्याचे काम एका व्यक्तीकडे नावानिशी सोपवावे आणि पानाच्या सुरुवातीलाच ‘शेवटची दुरुस्ती’ अशी तारखेची ओळ ठेवावी.

पान

संपूर्ण मोहिमेचे एकच मुख्य पान असावे आणि बाकी सर्व माध्यमांतून तिकडेच बोट दाखवावे. मोफत संकेतस्थळ बनवून देणाऱ्या कोणत्याही सेवेवर ते अर्ध्या दिवसात तयार होते. काय घडले, कुठे घडले, वाचकाने काय करावे आणि पैसे कोणाकडे जातील, ही चार उत्तरे फोनच्या पडद्यावर बोट न सरकवता दिसली पाहिजेत. पान हलके ठेवावे, कारण ते उघडणाऱ्यांत संकटग्रस्त भागातले, क्षीण नेटवर्कवर असलेले लोकही असतात. सुरुवातीला आपोआप चालणारा व्हिडिओ लावण्यापेक्षा एक लहान केलेले छायाचित्र पुरेसे आहे. पानाचा पत्ता एचटीटीपीएसने (https), म्हणजे सुरक्षित जोडणीच्या खुणेने, सुरू होतो की नाही हे पाहावे. आवाहनाचा मजकूर चित्रात कोरून टाकण्याची सवय फार पसरली आहे, ती सोडावी: चित्रातला मजकूर शोधयंत्राला नीट सापडत नाही, तो सहज भाषांतरित करता येत नाही आणि दृष्टिहीन वाचकाचे स्क्रीनरीडर तो वाचून दाखवू शकत नाही. चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे हे सांगणारे शब्द, द्यावा, आणि अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील भेद (कॉन्ट्रास्ट), वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितल्याप्रमाणे, किमान ४.५:१ असावा, हे प्रमाण मोजून देणारी साधने मोफत मिळतात.

सजावटीबाबत एक सूचना अनेकांना ठाऊक नसते. पांढऱ्या पार्श्वभूमीवरील लाल क्रॉस आणि लाल चंद्रकोर ही मदतीची सर्वसाधारण चित्रे नव्हेत. जिनिव्हा करारांनी संरक्षण दिलेली ती चिन्हे आहेत आणि युद्धक्षेत्रात वैद्यकीय पथकांचे प्राण त्यांच्यावरील विश्वासावर अवलंबून असतात. आपल्या पानावर, बॅनरवर किंवा बटणावर ती वापरू नयेत.

पानावर जबाबदार व्यक्तींची नावे, गटाचा ईमेल पत्ता आणि गट नेमके काय करतो व काय करत नाही हे स्पष्ट लिहावे. प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर खऱ्या संस्थांच्या नावांशी मिळतीजुळती नावे घेऊन फसवी संकेतस्थळे उभी राहतात. अशा वेळी निनावी पानाकडे सावध माणसाने पाठ फिरवणे योग्यच आहे, आणि तो आपल्या पानाकडे पाठ फिरवणार नाही याची तजवीज आपण करायची आहे.

माणूस आणि त्याचे छायाचित्र

या विषयावर थोडे थांबावे लागेल, कारण निधी जमवण्याची गरज आणि माणसाचा सन्मान यांची खरी ओढाताण इथेच होते. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, लाखो भुकेल्यांची आकडेवारी वाचणाऱ्यांपेक्षा एकाच मुलीविषयी वाचणारे लोक जास्त देणगी देतात, आणि त्या मुलीच्या हकिकतीला आकडेवारी जोडली तर देणगी घटते. म्हणजे एका माणसाची गोष्ट परिणाम करते, हे खरे आहे. परंतु त्यातून ‘जितके करुण, तितके चांगले’ असा निष्कर्ष काढणे मला अनुचित वाटते. रेडक्रॉस व रेड क्रेसेंट चळवळ आणि स्वयंसेवी संस्था यांनी १९९४ साली स्वीकारलेल्या आचारसंहितेचे दहावे कलम सांगते की, प्रसिद्धीच्या साहित्यात आपद्ग्रस्तांना प्रतिष्ठा असलेली माणसे म्हणूनच दाखवावे, हताश वस्तू म्हणून नव्हे. यावरून एक सोपी चाचणी निघते: हे छायाचित्र आणि त्याखालचा मजकूर त्या व्यक्तीने स्वतः वाचला, तर तिला ते मान्य होईल का?

संमती म्हणजे नुसते मान डोलावणे नव्हे. छायाचित्र कुठे, कशासाठी आणि किती काळ दिसेल, ते एकदा वेबवर गेले की पूर्णपणे मागे घेता येत नाही, आणि नकार दिल्याने मदत थांबणार नाही, हे त्या व्यक्तीच्या भाषेत सांगावे लागते. युद्धग्रस्त, निर्वासित किंवा लैंगिक हिंसाचाराला बळी पडलेल्या व्यक्तींचे चेहरे व खरी नावे, संमती असली तरीही, शक्यतो देऊ नयेत. हात, पाठमोरी आकृती किंवा निवाऱ्याचे दृश्य पुरेसे बोलके असते. फोनने काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश आणि वेळ दडलेली असू शकते. वेबवर चढवण्यापूर्वी ही माहिती काढून टाकावी. बहुतेक फोनमध्ये फोटो पाठवताना ‘स्थान वगळा’ अशा अर्थाचा पर्याय असतो, आणि तो नसेल तर त्या छायाचित्राचा स्क्रीनशॉट घेऊन तो वापरणे हा साधा उपाय आहे. छायाचित्र दुसऱ्याकडून आले असेल तर उलट चित्रशोध घेऊन, म्हणजे ते चित्रच शोधयंत्राला देऊन, ते याच घटनेचे आहे ना, हे पडताळून पाहावे, कारण जुन्या पुराचे चित्र नव्या पुराच्या आवाहनाला लागले की खरे आवाहनही खोटे ठरते.

पैसे घेण्याची व्यवस्था

२०१० च्या जानेवारीत हैतीत भूकंप झाला तेव्हा अमेरिकन रेडक्रॉसने ‘हैती’ हा शब्द ९०९९९ या क्रमांकावर पाठवून १० डॉलर देण्याची सोय केली आणि त्या मार्गाने ३ कोटी डॉलरपेक्षा अधिक रक्कम जमली. रक्कम लहान व निश्चित, कृती एकच आणि पैसे घेणारी संस्था सर्वांच्या परिचयाची, अशी ती रचना होती. आपल्या पानावरही हेच तत्त्व लागू आहे. तीन-चार सुचवलेल्या रकमा द्याव्यात, त्या प्रत्येकीतून साधारण काय होऊ शकते हे संस्थेकडून खात्री करून घेऊनच लिहावे, आणि फॉर्ममध्ये पावतीसाठी आणि कायद्यासाठी जे आवश्यक आहे तेवढेच विचारावे. जन्मतारीख, व्यवसाय, दुसरा फोन क्रमांक अशा प्रत्येक अनावश्यक रकान्यापाशी काही देणगीदार गळतात.

कार्डाचा क्रमांक किंवा ओटीपी गुगल फॉर्ममध्ये, ईमेलमध्ये वा व्हॉट्सॲपवर कधीही मागू नये. पैसे घेण्याचा टप्पा पेमेंट गेटवेच्या, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेच्या, स्वतःच्या सुरक्षित पानावर व्हावा, म्हणजे कार्डाची माहिती आपल्या हाती येतच नाही. क्यूआर कोड वापरत असाल तर त्याशेजारी खातेदाराचे नाव अक्षरांत छापावे आणि पैसे भरण्यापूर्वी पडद्यावर तेच नाव दिसते का ते पाहण्याची सूचना द्यावी, कारण दुसऱ्याने कोड बदलून तेच भित्तिपत्रक फिरवणे फार सोपे असते. आवाहन जाहीर करण्यापूर्वी गटातल्या दोघांनी वेगवेगळ्या फोनवरून लहान रक्कम भरून पाहावी आणि पावती येते का, खात्यात नोंद होते का, हे तपासावे.

हिशेबासाठी साधी स्प्रेडशीट पुरेशी आहे. एका पत्रकात प्रत्येक जमा-खर्चाची तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक आणि देणाऱ्याचे नाव असेल. हे पत्रक दोन-तीन जणांपुरतेच खुले ठेवावे. दुसरे पत्रक वेगळ्या फाइलमध्ये, नावे वगळून, सर्वांसाठी खुले असावे आणि त्यात एकूण जमा, गेटवेचे शुल्क, संस्थेकडे सुपूर्द केलेली रक्कम आणि शिल्लक दिसावी. एकाच फाइलमधील स्तंभ लपवून ती सार्वजनिक करू नये, कारण लपवलेले स्तंभ पुन्हा उघडता येऊ शकतात. आठवड्यातून एकदा, नोंदी ठेवणाऱ्याखेरीज दुसऱ्या व्यक्तीने बँकेच्या विवरणाशी ताळा घ्यावा.

जमलेला पैसा कशासाठी वापरला जाईल हे शब्द जपून लिहावे. हिंद महासागरातील २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेने जानेवारी २००५ च्या सुरुवातीलाच जाहीर केले की, तिथल्या आपल्या कामासाठी पुरेसा निधी जमला आहे, आणि त्या कारणासाठी देणग्या घेणे थांबवले. जास्त आलेली रक्कम इतर संकटांत वापरण्याची परवानगी तिने देणगीदारांकडे मागितली आणि बहुतेकांनी ती दिली. लहान गटानेही सुरुवातीलाच ‘उद्दिष्टापेक्षा जास्त रक्कम जमल्यास ती अमुक कामासाठी वापरली जाईल’ असे वाक्य पानावर घालावे. नंतर ठरवू म्हणून ते राहिले, की प्रत्येक देणगीदाराला वेगळे विचारण्याची वेळ येते.

पाठपुरावा, नकाशे आणि वेळेचे दान

काही संकटांत पैशापेक्षा निर्णयाची गरज जास्त असते: सीमा उघडणे, मदतीच्या वाहनांना वाट देणे, अडकलेल्यांना सोडवणे. त्यासाठी स्वाक्षऱ्यांचे निवेदन हे वापरायला सोपे साधन आहे, पण ते अशाच व्यक्तीला उद्देशून असावे जिच्या हाती तो निर्णय खरोखर आहे. निवेदन कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गाने सादर होणार हे आधी लिहावे आणि सादर झाल्यावर काय उत्तर मिळाले हे स्वाक्षरी करणाऱ्यांना कळवावे. लोकप्रतिनिधींना पाठवायच्या ईमेलचा नमुना देताना मधल्या दोन ओळी मुद्दाम रिकाम्या ठेवाव्यात, म्हणजे पाठवणाऱ्याला आपले म्हणणे स्वतःच्या शब्दांत लिहावे लागेल. एकाच मजकुराच्या हजार प्रती वाचणाऱ्या कार्यालयात अशा वेगळ्या दहा पत्रांची दखल अधिक घेतली जाते, असे मला वाटते. पुरावा म्हणून ज्या सार्वजनिक पानांचा आधार घेतला असेल ती इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपेजच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या सेवेवर, जतन करावीत, कारण निवेदने व घोषणा काही दिवसांनी गुपचूप बदलतात किंवा काढून टाकल्या जातात.

केनियात डिसेंबर २००७ च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला, तेव्हा तिथल्या काही जणांनी २००८ च्या सुरुवातीला उशाहिदी हे व्यासपीठ उभारले. लोकांनी वेबवरून व मोबाइल संदेशांतून पाठवलेल्या घटना त्यावर नकाशाच्या रूपात दिसत. अशा नकाशाचे सामर्थ्य मोठे आहे, पण धोकाही तितकाच मोठा आहे. आलेली प्रत्येक नोंद दुसऱ्या स्रोताकडून पडताळेपर्यंत ‘अपुष्ट’ अशी खूण करून ठेवावी, आणि लपून बसलेल्या लोकांचा, निवाऱ्यांचा किंवा साक्षीदारांचा अचूक ठिकाणा दाखवण्याऐवजी जिल्हा किंवा परिसर एवढाच दाखवावा. आपला नकाशा मदतकर्ता पाहतो तसा हल्लेखोरही पाहतो.

पैसे देऊ न शकणाऱ्यांसाठी वेळेचे दान हा उत्तम मार्ग आहे. हैतीच्या भूकंपानंतर जगभरातील स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते आणि इमारती ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या मुक्त नकाशावर रेखाटल्या आणि तो नकाशा बचाव पथकांनी प्रत्यक्ष वापरला. त्याच वर्षी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था स्थापन झाली. २०१४ साली सुरू झालेला मिसिंग मॅप्स हा उपक्रम आपत्ती येण्यापूर्वीच दुर्लक्षित प्रदेशांचे नकाशे तयार करतो. नकाशाचे काम लहान चौकोनांत वाटून देणाऱ्या टास्किंग मॅनेजर या संकेतस्थळावर मोफत खाते उघडून नवशिक्यांसाठीचा एखादा प्रकल्प निवडावा, चित्रात दिसणाऱ्या घरांच्या कडा रेखाटाव्यात आणि आपला चौकोन पूर्ण झाला की तो तपासणीसाठी सोपवावा. दहा-बारा जण एकत्र बसले आणि त्यांतला एक जरी अनुभवी असला, तरी दोन तासांत उपयोगी काम होते.

ईमेल आणि संदेश

समाजमाध्यमावरील आवाहन काही तासांत वाहून जाते. ज्यांनी एकदा मदत केली त्यांच्यापर्यंत पुन्हा पोहोचण्याचा भरवशाचा मार्ग ईमेल हाच आहे. यादीत फक्त स्पष्ट परवानगी दिलेल्यांचे पत्ते असावेत. साध्या ईमेलमधून पाठवायचे असेल तर सर्व पत्ते ‘बीसीसी’च्या रकान्यात टाकावेत, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत, संख्या शंभराच्या वर गेली की न्यूजलेटर पाठवणारी एखादी सेवा घ्यावी, म्हणजे यादीतून बाहेर पडण्याची लिंक आपोआप येते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांना प्रेषकाची तांत्रिक ओळख (ईमेल खरोखर त्याच पत्त्यावरून आले आहे याची पडताळणी) आणि एका क्लिकमध्ये बाहेर पडण्याची सोय सक्तीची केली आहे, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवण्यास सांगितले आहे. व्हॉट्सॲपवरील संदेशात तारीख, मोहिमेची अंतिम मुदत आणि मुख्य पानाची लिंक या तिन्ही गोष्टी मजकुरातच हव्यात, कारण एकाकडून दुसऱ्याकडे पाठवला जाणारा संदेश मोहीम संपल्यावरही महिनोन्‌महिने फिरत राहतो. खाते क्रमांक त्यात लिहू नये; तो फक्त पानावर असावा, म्हणजे तो बदलला किंवा बंद झाला तर एकाच ठिकाणी दुरुस्त करता येईल.

गटाच्या सर्व खात्यांना द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डखेरीज फोनवरील कोडसारखी दुसरी खात्री) लावावी आणि प्रत्येक खाते किमान दोघांच्या ताब्यात असावे. फॉर्मच्या सेटिंगमध्ये इतरांची उत्तरे सर्वांना दिसण्याचा पर्याय बंद आहे ना, आणि प्रतिसादांची स्प्रेडशीट ‘लिंक असलेल्या कोणालाही’ खुली नाही ना, हे मोहिमेच्या पहिल्या दिवशी तपासावे, विशेषतः फॉर्ममधून मदत मागणाऱ्यांची नावे व पत्ते येत असतील तर.

मोहीम बंद करणे

समाप्तीची तारीख सुरुवातीलाच जाहीर करावी आणि ती पाळावी. त्या दिवशी देणगीचे बटण व क्यूआर कोड काढून त्यांच्या जागी मोहीम बंद झाल्याची ओळ लिहावी, अंतिम हिशेब आणि संस्थेची पोच मुख्य पानावर लावावी आणि तोच मजकूर देणगीदारांना ईमेलने पाठवावा. कायद्याने ठेवाव्या लागणाऱ्या पावत्या व हिशेबाच्या नोंदी वगळून बाकीची वैयक्तिक माहिती, म्हणजे फॉर्मचे प्रतिसाद, संमतीपत्रांच्या अनावश्यक प्रती, मदत मागणाऱ्यांच्या याद्या, सर्वांच्या फोनमधून व ड्राइव्हमधून पुसून टाकावी. स्वतःचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा स्वतःच्या नावाचा पत्ता, घेतले असेल तर ते आणखी एक-दोन वर्षे चालू ठेवावे आणि त्यानंतर सर्व ठिकाणच्या लिंक काढूनच सोडावे. मुदत संपलेले डोमेन दुसऱ्याने विकत घेऊन त्यावर बनावट देणगीपान उभे केले, तर जुन्या संदेशांतून येणारा प्रत्येक माणूस थेट त्याच्याकडे जाईल.